जुन्या पिस्तुलाला किती दारू सोसते?

कोल्टचं १९०२ सालचं पिस्तूल जवळून पाहिलं तर स्लाइडच्या, म्हणजे नळीवर मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या, पुढच्या टोकाशी एक छोटी आडवी पोलादी पाचर दिसते. स्लाइड मागे निसटून नेमबाजाच्या तोंडावर येत नाही, ती या पाचरीच्या भरवशावर. हे पिस्तूल .३८ एसीपी काडतुसासाठी बनलेलं. १९२९ साली त्याच मापाच्या पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचात, दारूचा अधिक जोराचा भार घालून .३८ सुपर बाजारात आलं. माप तेच, म्हणून ते जुन्या पिस्तुलातही बिनबोभाट बसतं. पण एसीपीसाठी आज ठरलेली दाबाची कमाल मर्यादा आहे २६,५०० पाउंड प्रति चौरस इंच, तर सुपरची ३६,५००. हा जादा दाब मग त्या पाचरीने सोसायचा.

वापरलेल्या पितळी पुंगळ्यांत नवा प्रायमर (दारू पेटवणारी तळाची टिकली), बंदुकीची दारू आणि गोळी बसवून काडतुसं स्वतः भरणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती ग्रेन? ग्रेन म्हणजे मूळचं जवाच्या दाण्याचं वजन, सुमारे ६५ मिलिग्रॅम. पिस्तुलाला मात्र वजन कळत नाही. त्याला कळतो दाब, आणि तो किती झपाट्याने चढला ते.

जुनी काळी दारू या बाबतीत बरीच सोशिक. दाब वाढला तरी तिचा जळण्याचा वेग फारसा वाढत नाही, आणि निम्म्याहून जास्त वस्तुमान धूर आणि काजळी होऊन वाया जातं. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्ह्येय यांनी नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू तयार केली आणि हिशेबच बदलला. ही दारू जवळजवळ सगळीच्या सगळी वायू होते. शिवाय दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते, वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. या चक्राला लगाम घालायचा तर दाण्याचा आकार, जाडी आणि त्यावरचा लेप बदलावा लागतो. म्हणून एका डब्यातल्या दारूचं प्रमाण दुसऱ्या डब्यातल्या दारूला लावणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, मग वजन मिलिग्रॅमपर्यंत जुळलेलं का असेना.

१८७३ च्या .४५ कोल्ट काडतुसाची पुंगळी ४० ग्रेन काळ्या दारूने जवळपास भरून जायची. तिथे बिनधुराची दारू तळाला थोडीशीच लागते, आणि खरा धोका या रिकाम्या जागेत आहे. चुकून दुप्पट दारू पडली तरी ती सांडत नाही, वरून गोळी बसते, काडतूस साजरं दिसतं. त्यामुळे अनुभवी माणूस गोळ्या बसवण्याआधी पुंगळ्यांची अख्खी रांग दिव्याखाली धरून प्रत्येकीत डोकावतो. काही जण मुद्दाम फुगीर दाण्यांची दारू निवडतात. दुप्पट पडलीच तर ती काठाबाहेर येते.

छोट्या पुंगळीत उलटी अडचण. ९ मिमीच्या काडतुसात जागा मुळातच कमी. गोळी जरा खोल बसली तरी दारूच्या वाट्याची जागा आक्रसते आणि दाब झपकन चढतो. दारू तीच, वजन तेच.

मग कमीच भरावी? तेही नेहमी चालत नाही. लुगर या जर्मन पिस्तुलाची गुडघ्यासारखी दुमडणारी कडी गोळीच्या धक्क्यावरच उघडते. धक्का कमी पडला की पिस्तूल अडकतं. रिव्हॉल्व्हरला धक्क्याची गरज नसते, पण भार फारच हलका झाला तर गोळी नळीतच रुतून बसते. हे लक्षात न येता पुढचा बार उडाला, तर नळी फुगते किंवा फाटते.

दाब जास्त झाला की प्रायमर चपटा होतो, असं बरेच जण सांगतात. रायफलच्या दाबाला ही खूण थोडीफार उपयोगी पडते. शंभर वर्षांपूर्वीच्या रिव्हॉल्व्हरची सहनशक्ती मात्र प्रायमर चपटा होण्याच्या कितीतरी आधी संपलेली असू शकते. म्हणून दाबमापकावर चाचणी घेऊन छापलेले तक्ते वापरायचे, त्यातही सर्वांत खालच्या आकड्यापासून सुरुवात करायची. आणि पिस्तुलाच्या धातूत तडा नाही ना, हे जाणकाराकडून आधी तपासून घ्यायचं.

कोल्टने आपल्या सिंगल अ‍ॅक्शन आर्मी रिव्हॉल्व्हरला बिनधुराच्या दारूची हमी १९०० सालापर्यंत दिली नव्हती. त्याआधीच्या नगांसाठी जाणते लोक आजही काळीच दारू वापरतात. तिची काजळी ओलावा धरते आणि पोलाद गंजवते. म्हणून नेमबाजी आटोपली की त्याच दिवशी नळी आणि सिलिंडर (काडतुसं ठेवायचा फिरता भाग) गरम पाण्याने धुवायचे, कोरडे करायचे, वर तेलाचा हात फिरवायचा.