मोटरविहीर : खालून मिटवायची, वरून मोकळी ठेवायची

पिअरसन कंपनीने १९६० च्या दशकात बांधलेल्या ‘एरियल’ आणि ‘कमांडर’ या छोट्या शिडाच्या होड्या अमेरिकेत आजही हौसेने जपल्या जातात. कार्ल अल्बर्ग यांनी रेखलेल्या या होड्यांची एकूण लांबी सुमारे ७.८ मीटर असली, तरी पाण्याला टेकणारी लांबी जेमतेम ५.६ मीटर भरते. पुढची आणि मागची टोके पाण्यावर अधांतरी असतात. अशा होडीच्या मागच्या फळीवर आउटबोर्ड मोटर (खाली पंखा असलेले, काढता येणारे इंजिन) टांगली, तर लाटेवर पिछाडी उचलली जाताच पंखा पाण्याबाहेर येऊन नुसताच गरगरतो. म्हणून यांतील अनेक होड्यांत पिछाडीच्या कप्प्यात तळाला आरपार भोक ठेवून मोटर त्यातून खाली सोडलेली असते. हीच मोटरविहीर.

तळाला भोक असूनही होडी बुडत नाही, कारण विहिरीतले पाणी बाहेरच्या पातळीइतकेच चढते आणि विहिरीच्या भिंती त्याहून बऱ्याच उंच असतात. मात्र होडी चालू लागली, की भोकाच्या कडेशी तळालगतचा प्रवाह तुटतो, पोकळीत भोवरे तयार होतात आणि ते फिरवत ठेवण्याची ऊर्जा होडीच्या वेगातूनच जाते. पूर्ण वेगात होडीची बहुतेक शक्ती स्वतःच उठवलेल्या लाटांवर खर्च होते, त्यामुळे तेव्हा हा तोटा फारसा लक्षात येत नाही; मंद वाऱ्यात, जिथे प्रत्येक थेंबाचा विरोध मोजावा लागतो, तिथे तो चांगलाच जाणवतो. शिवाय मागून येणारी लाट विहिरीत दट्ट्यासारखी वर चढते आणि कप्प्यात पाणी उसळते.

मोटर वर काढून ठेवता येत असेल, तर भोकात तळाशी समतल बसणारे बूच हा सर्वांत उत्तम उपाय आहे. ते फोमचे करून त्यावर काचतंतू आणि इपॉक्सीचे (घट्ट होणाऱ्या राळेचे) थर चढवतात. बूच बसवताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. भोक ४५ बाय २५ सेंटिमीटरचे आणि विहिरीतले पाणी २० सेंटिमीटर खोल धरले, तर पाण्याच्या पातळीपर्यंतचे बूच साडेबावीस लिटर समुद्रजल बाजूला सारते, आणि ते पाणी बुचाला सुमारे २३ किलो वजनाइतक्या जोराने वर ढकलते. बूच स्वतः हलके असल्याने हा जवळजवळ सगळा जोर ते दाबून धरणाऱ्या पट्टीवर आणि तिच्या स्क्रूंवर येतो. नुसते घट्ट बसवणे पुरत नाही. उलट कडेने काही मिलिमीटरची फट ठेवावीच लागते, कारण अंधाऱ्या, संथ पाण्यात भिंतींवर बार्नेकल (कडक कवचाचे, चिकटून बसणारे समुद्री जीव) वाढतात आणि नेमक्या मापाचे बूच दोन महिन्यांत आत जाईनासे होते.

मोटर कायम खालीच राहणार असेल, तर भोकाच्या दोन्ही कडांना जाड निओप्रीन रबराचे पडदे लावतात. ते मधोमध मिळतात आणि मोटरच्या पाण्यात उतरणाऱ्या पायाभोवती दुमडतात. मोटर सरळ घट्ट बसवून दिशा सुकाणूनेच बदलायची असेल, तर हे काम सोपे जाते. मोटरच वळवायची असेल, तर फट मोठी राहणारच. रबराच्या कडा धातूच्या पट्टीखाली दाबाव्यात आणि स्क्रूंची भोके इपॉक्सीने बंद करून घ्यावीत, नाहीतर पाणी काचतंतूंच्या थरांत मुरते.

इथपर्यंत सगळे पाण्याबद्दल झाले. बिघाड होतो तो हवेत, आणि माझ्या मते याच बाजूकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. आउटबोर्ड मोटरचा धूर मुख्यतः पाण्याखाली सोडला जातो, पण मंद गतीवर त्यातला काही भाग पायाच्या वरच्या अंगाला असलेल्या छोट्या छिद्रातून बाहेर पडतो. विहिरीत बसवलेल्या मोटरचे हे छिद्र विहिरीच्या आतच उघडते. वरून झाकण लावलेले असेल, तर तोच धूर मोटर पुन्हा ओढून घेते. एक किलो पेट्रोल नीट जळण्यासाठी साधारण साडेचौदा किलो हवा लागते. त्या हवेची जागा धुराने घेतली, की ज्वलन अर्धवट होते, मोटर धडपडते आणि काही मिनिटांत बंद पडते. झाकण उघडताच ती पुन्हा सुरळीत चालते, आणि दोष पेट्रोल-हवेचे मिश्रण करणाऱ्या कार्ब्युरेटरचा समजून त्या बिचाऱ्याची मात्र विनाकारण साफसफाई होत राहते. म्हणून तळ मिटवताना कप्प्याला मागच्या बाजूने वायुवीजन द्यावे, आणि शक्य असल्यास बाहेरची ताजी हवा नळीने थेट मोटरच्या आवरणापाशी आणावी. धूर खेचणारा पंखा बसवलाच, तर तो ठिणगी न पाडणाऱ्या जातीचा हवा, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने कप्प्यात खाली साचून राहते.

कप्पा आणि केबिन यांच्यामधली भिंत मात्र पूर्ण हवाबंद असली पाहिजे. तारा आणि नळ्या जिथून जातात ती भोकेसुद्धा. अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड वाढतो, त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. त्याची घनता हवेच्या जवळपास असल्यामुळे तो केबिनभर पसरतो. त्याची सूचना देणारा अलार्म झोपणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर लावावा.