स्वयंसेवी ज्ञानकोशांतील मूलभूत नोंदींची आबाळ

मानधनाविना, स्वतःच्या आवडीने लिहिणाऱ्यांनी उभारलेल्या ज्ञानकोशांत आडवळणाच्या विषयांवर भरगच्च आणि चोख नोंदी सापडतात. पाणी, शेती, कायदा, कुटुंब, वाहतूक अशा पायाभूत विषयांवरच्या नोंदी मात्र विस्कळीत, ठिगळे लावल्यासारख्या किंवा अगदी त्रोटक राहतात. या प्रवृत्तीची सर्वाधिक चर्चा इंग्रजी विकिपीडियाच्या संदर्भात झाली असली, तरी लोकांच्या हातभाराने कोश रचण्याचे काम पूर्वी झाले तेव्हाही ती दिसली होती. तिचा ठपका लिहिणाऱ्यांच्या आळसावर किंवा उथळपणावर ठेवण्याची पद्धत आहे. ते फारसे खरे नाही. आडवळणाचा विषय एका माणसाच्या हातून पुरा होतो आणि त्यात कोणी आडवे येत नाही. मूलभूत विषय पुरा होतच नाही आणि त्यावर प्रत्येकाचे काही ना काही म्हणणे असते. फुकट काम करणारा माणूस कोणते काम उचलेल, हे यातच ठरून जाते.

शब्दकोशातला पूर्वानुभव

या प्रवृत्तीचा उत्तम दाखला संगणकाच्या कितीतरी आधीचा, ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाचा आहे. पुस्तके वाचा, शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य चिठ्ठीवर उतरवा आणि पाठवून द्या, असे आवाहन लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने वाचकांना केले होते. १८७९ मध्ये जेम्स मरे यांनी संपादनाची सूत्रे हाती घेतली, तेव्हा जमलेल्या चिठ्ठ्या गोण्या भरभरून त्यांच्याकडे आल्या. एका गोणीत मेलेला उंदीर निघाला, दुसरीत पिल्लांसकट जिवंत. चिठ्ठ्या लावायला घेतल्यावर मरे यांच्या लक्षात आले, की ‘अब्यूजन’ या केव्हाच मागे पडलेल्या शब्दाची सुमारे ५० उदाहरणे जमली आहेत आणि ‘अब्यूज’ या रोजच्या शब्दाची पाचसुद्धा नाहीत. वाचकांनी विचित्र शब्द दिसला की चिठ्ठी केली, साधा शब्द आला की पान उलटले. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? दुर्मिळ, जुनाट, चमत्कारिक वाटेल तो शब्द टिपा, हे त्यांना दिलेल्या सूचनांतच होते. मग साध्या शब्दांची उदाहरणे हुडकण्यात संपादकाचे आणि मदतनिसांचे तासन्‌तास गेले.

या वाचकांत डब्ल्यू. सी. मायनर हा अपवाद होता. हा अमेरिकी लष्करी डॉक्टर खुनाच्या खटल्यानंतर ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयात बंदिवासात होता. तो प्रत्येक पुस्तकातल्या शब्दांची सूची करून ठेवी, कोशाच्या कचेरीत सध्या कोणत्या शब्दावर काम चालू आहे ते विचारून घेई आणि नेमक्या त्याच शब्दाची उदाहरणे पाठवी. स्वतःला काय आवडते यापेक्षा कोशाला काय हवे आहे हे विचारून काम करणारा स्वयंसेवक तेव्हाही विरळा होता, आजही विरळाच आहे.

पुरे होणारे काम

समजा, कोणाला नेरळ–माथेरान गाडीवर नोंद लिहायची आहे. मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. पैसा सर आदमजी पीरभॉय यांचा, खटपट त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची. रुळांतले अंतर दोन फूट. स्थानके नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज आणि माथेरान. २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग उखडला, तो २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. हाताशी दोन-तीन पुस्तके आणि वर्तमानपत्रांची थोडी कात्रणे असली, की आठवडाभराच्या संध्याकाळी पुरतात. नोंद झाली, हे लिहिणाऱ्याला कळते आणि वाचणाऱ्यालाही.

आता त्याच माणसाला ‘वाहतूक’ ही नोंद लिहायला सांगावे. बैलगाडीपासून अवकाशयानापर्यंत सगळे त्यात येते. सुरुवात चाकापासून करायची, की पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसापासून? तांड्याने मीठ आणि धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांना किती ओळी द्यायच्या, पनामा कालव्याला किती? इथे माहिती कमी पडत नाही, ती गाळायची कशी हा प्रश्न असतो. गाळायला विषयावर हुकूमत लागते आणि गाळलेले तसेच राहील याची खात्री लागते. स्वयंसेवी कोशात ही खात्री कोणीच देऊ शकत नाही. आज काढलेले वाक्य उद्या दुसरा कोणी परत घालतो, सोबत आपल्या गावच्या उड्डाणपुलाचेही एक वाक्य जोडतो. कालांतराने नोंदीची गोधडी होते. पण गोधडी तरी कशी म्हणावी, गोधडी शिवणारी बाई निदान एकच असते.

श्रेयाचाही भाग आहे. मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव छापतात. विकिपीडियात लेखाखाली नाव नसते, ते फक्त संपादनांच्या इतिहासात राहते. मग ‘हे मी लिहिले’ असे म्हणता यायचे तर लेख एकहाती असावा लागतो, आणि एकहाती लेख आडवळणाच्या विषयावरच होऊ शकतो. इंग्रजीत निवडक लेखाला काशाच्या रंगाचा तारा मिळतो. तो मिळवण्यासाठी लेख सर्वांगपूर्ण असल्याचे इतरांना पटवावे लागते. एखाद्या युद्धनौकेबद्दल हे पटवणे शक्य असते. म्हणूनच लष्करी इतिहासाच्या गटाने ‘ऑपरेशन मॅजेस्टिक टायटन’ या नावाने जगातल्या यच्चयावत युद्धनौकांवरचे लेख उत्तम दर्जाला नेण्याचा चंग बांधला. चक्रीवादळे, अमेरिकी महामार्ग, व्हिडिओ गेम यांचेही असेच कसलेले गट तयार झाले. महामार्गवाल्यांपैकी काही जण तर संदर्भांच्या नियमांवरून खटके उडाल्यावर २०२३ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी रस्त्यांचा स्वतंत्र विकी थाटला. ज्ञानकोश सोडला, रस्ते सोडले नाहीत.

दह्याचा तंटा

मूलभूत लेखाला हात लावला की काय होते, हे पाहायचे तर इंग्रजी विकिपीडियावरचा दह्याचा लेख पाहावा. तो ‘योगर्ट’ या नावाने सुरू झाला, पुढे कोणी तरी नावात एक ‘एच’ घालून त्याचे स्पेलिंग ब्रिटिश केले आणि मग या एका अक्षरावरून वर्षानुवर्षे प्रस्ताव, मतदान, आरोप, पुन्हा प्रस्ताव असे चालले. २०११ च्या डिसेंबरमध्ये ‘एच’ गेला आणि तंटा मिटला. विरजण का लागते, दूध कोणत्या तापमानाला नासते आणि कोणत्या तापमानाला धरते, यावर खर्ची पडू शकली असती अशी किती तरी शक्ती स्पेलिंगवर गेली. पोलंडमधल्या ग्डान्स्क या शहराला कोणत्या काळासाठी डान्झिग या जर्मन नावाने म्हणायचे, या प्रश्नावर तर २००५ मध्ये सार्वमतासारखी मोजणी घ्यावी लागली. देश, धर्म, थोर पुरुष यांच्या लेखांची गोष्ट आणखी वेगळी. मराठीतही अशा पानांना वारंवार कुलूप लावावे लागते. नवख्या संपादकाने मोठ्या उमेदीने तिथे चार परिच्छेद लिहावेत आणि सकाळी उठून पाहावे तर ते उलटवलेले. तो दुसऱ्यांदा तिकडे फिरकत नाही. एखाद्या दुर्गम किल्ल्याच्या किंवा फुलपाखराच्या लेखावर निवांत बसतो.

सर्वांना ठाऊक, म्हणून लिहिलेले नाही

मूलभूत विषयाला पुरावा मिळत नाही, ही अडचण वरवर उलटी वाटते. विकिपीडियाचा नियम असा की प्रत्येक विधानाला प्रकाशित संदर्भ हवा. एखाद्या दुर्मिळ पत्रव्यवहाराला संदर्भ मिळतो, पण भाकरी परातीत थापतात, पाण्याचा हात फिरवून तव्यावर टाकतात आणि शेवटी निखाऱ्यावर फुगवतात, हे कोणी आणि कुठे ‘प्रकाशित’ केले? केले असेल तर ते पाककृतीच्या पुस्तकात, आणि तिथेही ‘नेहमीप्रमाणे भाकऱ्या कराव्यात’ एवढेच लिहिलेले असण्याची शक्यता जास्त. जे सर्वांना येते ते लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही. परिणामी वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ असा शिक्का बसतो. यावर तोड म्हणून २०११ मध्ये मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतली सेपेडी या तीन भाषांत तोंडी साक्षींचे ध्वनिमुद्रण संदर्भ म्हणून वापरण्याचा प्रयोग झाला. सर्वमान्य पद्धत म्हणून तो रुजला नाही.

लिहिणारे कोण, याचाही इथे संबंध येतो. विकिपीडियाच्या योगदात्यांच्या एका मोठ्या सर्वेक्षणात स्त्रियांचे प्रमाण सुमारे १३ टक्के निघाले होते. ज्यांच्या हातात भाकरी आहे आणि ज्यांच्या हातात कळफलक आहे, ती माणसे बरेचदा वेगळी असतात.

मराठीत आणखी एक पायरी चढावी लागते. ‘ऊर्जा’ किंवा ‘पेशी’ यांवर लिहायचे तर आधी परिभाषा लागते आणि ती साऱ्या नोंदींत सारखी ठेवावी लागते. क्रिकेटपटूवर लिहिताना ही अडचण नाही. धावा, बळी, शतक हे शब्द तयारच आहेत. मराठी विश्वकोशाच्या संपादकांनी ही अडचण ओळखली होती. त्यांचा परिभाषासंग्रह १९७३ मध्ये बाहेर पडला आणि ‘अंक ते आतुरचिकित्सा’ हा पहिला खंड त्यानंतर, १९७६ मध्ये.

योजून केलेले कोश

वाईच्या विश्वकोशाशी तुलना केली की फरक उघड होतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या मंडळाने आधी विषयांच्या याद्या केल्या, कोणत्या नोंदीला किती जागा द्यायची ते ठरवले आणि मग त्या त्या जाणकाराला लिहायला सांगितले. ‘कंटाळवाणा विषय आहे, मला नको’ असे म्हणायची सोय असली, तरी नोंद वगळायची सोय नव्हती. अक्षरक्रमात ती आली की तिच्याशिवाय खंड छापखान्यात जाणार नाही. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या १९७४ च्या आवृत्तीत तर सगळ्या ज्ञानाचा आराखडा म्हणून एक वेगळा खंडच होता. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी २३ खंडांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ काढताना पहिले पाच खंड प्रस्तावनेलाच दिले. पाया आधी घालायचा, हा हट्ट त्यातही दिसतो.

या शिस्तीची किंमत वेळेत मोजावी लागते. विश्वकोशाचा विसावा खंड २०१५ मध्ये आला. विकिपीडियाच्या आधी त्याच संस्थापकांनी न्यूपीडिया काढला होता. तज्ज्ञ लेखक आणि सात टप्प्यांची तपासणी अशी त्याची रचना होती. त्यात लेख इतके कमी झाले की २००३ मध्ये तो बंद पडला. २००१ च्या जानेवारीत निघालेल्या विकिपीडियाने विषयांची योजनाच सोडली, म्हणून तो वाढला. मूलभूत नोंदींची आबाळ ही त्या वाढीबरोबरच आलेली गोष्ट आहे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याच्या अगदी पहिल्या लेखांत बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता आणि वसंत पंचमी यांचा समावेश होता. सुरुवात म्हणून फारच सुरेख, पण यादी करून बसलेल्या संपादकाने ती तशी केली नसती. पुढे सनावळ्या, दिनविशेष, क्रिकेटपटू आणि गावे यांच्या नोंदींनी संख्या वाढली. गावांच्या कित्येक नोंदी एकाच साच्याच्या आहेत: तालुका, जिल्हा, आणि पावसाळ्यात पाऊस पडतो, उन्हाळ्यात ऊन असते अशा धर्तीचे हवामान. हा रोग मराठीचा खास नाही. इंग्रजी विकिपीडियावर २००२ मध्ये एका सांगकाम्याने (आपोआप लिहिणाऱ्या प्रणालीला मराठी विकिपीडियाने दिलेले हे नाव अगदी चपखल आहे) अमेरिकी जनगणनेच्या आकड्यांतून तीस हजारांवर गावांचे लेख पाडले होते. सांगकाम्यालाही मोजता येण्याजोगाच विषय जमतो.

उपाय आणि त्यांची गत

ही तफावत विकिपीडियाच्या संपादकांनाही जुनीच ठाऊक आहे. इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि पोर्तुगीज आवृत्त्यांच्या २०१५ मधल्या एका अभ्यासात लेखांचा दर्जा आणि वाचकांची मागणी यांचा मेळ बसत नसल्याचे दाखवले गेले. प्रत्येक भाषेत असायलाच हवेत अशा १,००० लेखांची यादी तयार आहे. इंग्रजीत अत्यावश्यक लेखांच्या १०, १००, १,०००, १०,००० आणि ५०,००० अशा चढत्या याद्या आहेत. गाभ्याचे लेख सुधारण्याची ‘कोअर कॉन्टेस्ट’ ही स्पर्धा २००७ मध्ये सुरू झाली. तिच्यामुळे काही लेख खरोखर सुधारले.

एक गोष्ट मात्र या सगळ्या चर्चेत निसटते. सूर्यमालेतल्या ग्रहांवरचे इंग्रजी लेख तारा मिळवण्याच्या दर्जाला पोहोचले, आणि पृथ्वीपेक्षा मूलभूत विषय कोणता असणार? पण ग्रह आठच आहेत, त्यांचा व्यास मोजलेला आहे आणि त्यांच्या वतीने भांडायला कोणी येत नाही. विषय मूलभूत आहे म्हणून लेखक पळत नाही. त्याला कुंपण नाही म्हणून पळतो.

मराठी वाचकाला ही उणीव अधिक जाणवते. इंग्रजीत एक लेख कच्चा असला तर दहा पर्याय असतात. मराठीत ‘प्रकाशसंश्लेषण’ शोधणाऱ्या मुलापुढे पाठ्यपुस्तक आणि आता ऑनलाइन झालेला विश्वकोश एवढेच उरते. दुसरीकडे, एखाद्या लोकदैवताची किंवा बंद पडलेल्या नाटक मंडळीची नोंद विकिपीडियावर नसती, तर ती इतरत्र कुठे मिळालीच नसती.

अत्यावश्यक लेखांच्या याद्यांची लांबी ठरलेली असल्याने एक नाव आत घ्यायचे तर दुसरे बाहेर काढावे लागते. कोणते काढायचे, यावर त्या याद्यांच्या चर्चापानांवर वर्षानुवर्षे मते पडत आली आहेत.