परकीय भाषेचा वर्ग आणि चिकित्सक विचार : पार्श्वभूमी

परकीय भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्याने वाचलेल्या मजकुरावर शंका घ्यावी, लेखकाने काय गृहीत धरले आहे ते हुडकावे, म्हणजेच चिकित्सक विचार करावा, ही अपेक्षा भाषाशिक्षणात तशी अलीकडची आहे. व्याकरण-भाषांतर पद्धतीत उताऱ्याचे बिनचूक भाषांतर जमले की काम संपे. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैन्याच्या भाषावर्गांतून बळ मिळालेल्या श्रवण-भाषण पद्धतीत तर वाक्ये इतकी घोटून घेतली जात, की विचार करण्याआधीच उत्तर तोंडून बाहेर पडावे. भाषा ही सवय आहे असे एकदा मानल्यावर विचाराला वेगळी जागा उरतच नव्हती.

अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी चिंतनशील विचाराची मांडणी १९१० मध्येच केली होती आणि शिक्षणमानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या गटाने नुसत्या आठवणीच्या वर विश्लेषण आणि मूल्यमापनाला ठेवणारी शैक्षणिक उद्दिष्टांची वर्गवारी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली होती. परंतु ही चर्चा परकीय भाषेच्या वर्गापर्यंत पोहोचायला बराच काळ जावा लागला. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांच्या १९५९ मधील टीकेने, भाषेला सवय मानणाऱ्या वर्तनवादाचा पाया खचला. पुढे प्रत्यक्ष संवाद साधता यावा म्हणून भाषा शिकवणारे संप्रेषणात्मक अध्यापन आले, तरी वर्गातील संवाद बहुधा रस्ता विचारण्यात आणि तिकीट काढण्यातच अडकले.

भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांचा, शाळांत कृतींमधून इंग्रजी शिकवण्याचा १९७९ ते १९८४ या काळातील बंगळुरू प्रकल्प मला इथे सर्वांत महत्त्वाचा वाटतो, जरी चिकित्सक विचार शिकवणे हा त्याचा घोषित हेतू नव्हता. निरनिराळ्या वर्गांची वेळापत्रके समोर ठेवून त्यांवरून एका शिक्षकाचे वेळापत्रक तयार करायचे, अशा स्वरूपाच्या कृती त्यात होत्या. उत्तर कागदावर आयते नसे. ते अनुमानाने काढावे लागे आणि त्या खटपटीत इंग्रजी वापरली जाई. आधी भाषा पक्की होऊ द्या, विचाराचे पुढे पाहू, हा क्रम या प्रकल्पाने मोडला.

१९९७ मध्ये भाषाशिक्षणाचे अभ्यासक ड्वाइट अॅटकिन्सन यांनी चिकित्सक विचार शिकवण्याबद्दलच वेगळा आक्षेप घेतला. चिकित्सक विचार हे सुटे कौशल्य नसून पाश्चात्त्य समाजात नकळत अंगवळणी पडणारी रीत आहे, म्हणून अन्य संस्कृतींतील विद्यार्थ्यांना ते शिकवताना सावध राहावे, असे त्यांचे म्हणणे होते. संस्कृतींना असे ठोकळेबाज साच्यात बसवण्यावर याच क्षेत्रातील र्‍यूको कुबोता यांनी १९९९ मध्ये टीका केली, आणि ती रास्तच होती. संशोधक पॉल स्टेपलटन यांनी २००१ मध्ये जपानी विद्यापीठीय विद्यार्थ्यांचे इंग्रजी लेखन तपासले, तेव्हा तांदळाच्या आयातीसारख्या परिचित विषयावरील युक्तिवाद अमेरिकेतील बंदूकनियंत्रणावरील युक्तिवादांपेक्षा सरस आढळले. त्यामुळे कच्च्या निबंधाचे खापर विद्यार्थ्याच्या संस्कृतीवर फोडण्याआधी, त्या विषयाची त्याला मुळात कितपत माहिती होती हे तपासणे भाग पडले.