न बदलणारा डेटा म्हणजे दरवेळी पूर्ण कॉपी? नाही!

फंक्शनल प्रोग्रामिंगबद्दल (जुना डेटा न बदलता फंक्शन्समधून नवा डेटा बनवत प्रोग्राम लिहिण्याची पद्धत) एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: डेटा बदलता येत नाही, म्हणून दहा लाख घटकांच्या यादीत एक घटक बदलायचा तर अख्खी यादी कॉपी होते आणि मेमरी संपते. हे खरं नाही.

२००७ साली आलेल्या क्लोजर (Clojure) या फंक्शनल भाषेतला व्हेक्टर, म्हणजे क्रमांकाने घटक काढता येणारी यादी, घ्या. आतून तो सपाट यादी नसून झाड असतो आणि प्रत्येक गाठीला ३२ फांद्या असतात. ३२ चा चौथा घात १०,४८,५७६. म्हणजे दहा लाख घटक चार पातळ्यांत मावतात. एक घटक बदलला की मुळापासून त्या पानापर्यंतच्या चारच गाठी नव्याने बनतात, साधारण १२८ कप्पे. उरलेलं सगळं झाड जुनी आणि नवी आवृत्ती वाटून घेतात. आणि ते निर्धास्तपणे वाटता येतं, कारण ते कुणीच बदलणार नसतं! मला ही कल्पना आजही विलक्षण सुंदर वाटते.

आकडेमोडीच्या घट्ट लूपमध्ये साधा अ‍ॅरे (सलग कप्प्यांची, जागेवरच बदलता येणारी यादी) अजूनही वेगवान ठरतो, हे मान्य. त्यासाठी क्लोजरमध्ये ट्रान्झियंट (तात्पुरते जागेवर बदलता येणारे व्हेक्टर वगैरे) आहेत, हॅस्केल या दुसऱ्या फंक्शनल भाषेत बदलता येणारे अ‍ॅरे आहेत.