‘स्वयंसेविका’ या शब्दामागचा इतिहास

सप्टेंबर १९७८ मध्ये सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा शहरात १३४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि सन २००० पर्यंत सर्वांना आरोग्य मिळवून देण्याचा संकल्प झाला. त्यासाठीची प्राथमिक आरोग्यसेवा कोणाच्या बळावर उभी राहील याची यादी त्या परिषदेच्या जाहीरनाम्यात आहे. डॉक्टर, परिचारिका, प्रसाविका, साहाय्यक, गावपातळीवरचे कार्यकर्ते आणि सगळ्यांत शेवटी, ‘गरजेनुसार’, पारंपरिक उपचार करणारे. या ‘गरजेनुसार’पाशी दरवेळी अडखळायला होतं. गरज कोणाची? आणि ती भागली की या माणसांनी कुठे जायचं?

गावातल्याच माणसाला थोडं शिकवून आरोग्याचं काम सोपवायचं, ही कल्पना अल्मा-आटाच्या बरीच आधीची. १९३०च्या दशकात चीनच्या तिंगश्येन भागात डॉ. सी. सी. चेन यांनी शेतकऱ्यांनाच थोड्या दिवसांचं प्रशिक्षण दिलं. जन्म-मृत्यूची नोंद ठेवायची, देवीची लस टोचायची, एका पेटीत मावतील एवढ्या औषधांवर प्रथमोपचार करायचे. १९३७ मध्ये जपानी आक्रमण झालं आणि ते काम मोडलं. तीसेक वर्षांनी तीच कल्पना देशभर पसरली आणि १९६८ पासून ‘अनवाणी डॉक्टर’ हे नाव रूढ झालं. भातखाचरात राबणारा आणि त्याच गावात औषध देणारा हा माणूस. त्याच्या पिशवीत आधुनिक गोळ्या असत, तशाच अॅक्युपंक्चरच्या सुया आणि झाडपाल्याची औषधंही. या योजनेचं कौतुक करताना एक गोष्ट हमखास सुटते. त्याला शेतकामासारखेच श्रमगुण मिळत आणि त्यांवर कम्यूनच्या, म्हणजे सामूहिक शेतीच्या, उत्पन्नातला त्याचा वाटा ठरे. रुग्ण पाहणं हे तिथे काम म्हणून मोजलं जात होतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कम्यून मोडीत निघाले, श्रमगुण गेले, आणि अनेकांनी हे काम सोडलं. १९८५ मध्ये ते नावही अधिकृतपणे बंद झालं.

अल्मा-आटाच्या वेळी जागतिक आरोग्य संघटनेसमोर जे नमुने होते त्यांत जामखेड होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे १९७० मध्ये काम सुरू केलं. गावातल्याच बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या पुष्कळ जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. ज्यांना गावाने शिवू दिलं नव्हतं, त्यांच्या हातून औषध घ्यायला गाव हळूहळू तयार झालं. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सुईणींसाठी एक साधन बनवलं. वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ आणि शेजारी मणी. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपायच्या आत मणी खुणेपलीकडे गेले तर न्यूमोनियाचा संशय. दहापर्यंत मोजणं सुईणीला येतच होतं. तिला जे येत होतं त्यावरच हे साधन उभं आहे, म्हणून ते मला फार मोलाचं वाटतं. याच जिल्ह्यातल्या ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेणाऱ्या गावच्या बायकांमुळे नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरल्याचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला.

सरकारी योजनांची गोष्ट मात्र वेगळ्या वाटेने गेली. २ ऑक्टोबर १९७७ रोजी भारत सरकारने खेड्यांसाठी सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांची योजना सुरू केली. मानधन होतं महिना ५० रुपये. सुरुवातीला ‘कार्यकर्ता’ हे नाव होतं, थोड्याच वर्षांत ते ‘स्वयंसेवक’ झालं आणि मग ‘ग्राम आरोग्य मार्गदर्शक’. कार्यकर्त्याला पगार मागता येतो. स्वयंसेवकाने मागितला तर ते वावगं दिसतं. नावातला हा बदल किरकोळ मानायला मी तयार नाही.

सुईणीच्या वाट्याला याहून कठीण आलं. १९७० ते १९९०च्या दशकांत अनेक देशांत सुईणींना प्रशिक्षण मिळालं, निर्जंतुक ब्लेड-दोरा असलेल्या पिशव्या मिळाल्या. तरी मातामृत्यू अपेक्षेइतके घटले नाहीत, कारण अतिरक्तस्राव झाला किंवा मूल अडलं तर रक्त आणि शस्त्रक्रिया लागते आणि ती घरात होत नाही. शतक संपता संपता धोरण रुग्णालयातल्या प्रसूतीकडे वळलं, आणि २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या ‘कुशल प्रसूतीसेवका’च्या व्याख्येत पारंपरिक सुईण बसली नाही. वैद्यकीयदृष्ट्या हा निर्णय योग्यच होता. पण जिने उभं आयुष्य रात्री-अपरात्री उठून बाळंतपणं केली, तिला आता कोणतं काम द्यायचं, याचा विचार फार थोड्या ठिकाणी झाला.

उपचार करणाऱ्या इतर पारंपरिक मंडळींकडे सरकारं बराच काळ संशयानेच पाहत होती. दक्षिण आफ्रिकेत १९५७ च्या चेटूकविरोधी कायद्यामुळे त्यांच्या कामाचा मोठा भाग गुन्ह्यात जमा होत होता. त्यांच्या नोंदणीचा कायदा २००७ मध्ये आला. याला लवकरचा अपवाद म्हणजे नायजेरियातले मनोविकारतज्ज्ञ थॉमस लॅम्बो. १९५४ पासून अबेओकुटाजवळच्या आरो इथे त्यांनी रुग्णांना आसपासच्या गावांत कुटुंबांसोबत ठेवलं आणि स्थानिक उपचारकांना सोबत घेतलं. केरळमध्ये काणी आदिवासींनी दाखवलेल्या ‘आरोग्यपच्चा’ वनस्पतीपासून औषध तयार झालं, तेव्हा परवाना शुल्क आणि स्वामित्वधनातला निम्मा वाटा त्यांच्या न्यासाला देण्याचं ठरलं. ज्ञानाचा मोबदला द्यायचा असतो, हे त्यातून १९९०च्या दशकात मान्य झालं. मान्यता द्यायची म्हणून साप चावल्यावर मंत्र चालवून घ्यावा, असं अर्थातच नाही. तिथे सर्पविषावरचं प्रतिविष लागतं आणि वेळ लागू न देणं लागतं. म्हणूनच रुग्णाला पहिल्यांदा पाहणाऱ्या माणसाला दवाखान्याशी जोडून घेणं गरजेचं आहे.

पगाराच्या प्रश्नावर काही देशांनी वाट काढली. इथिओपियाने २००३ पासून सुमारे वर्षभराचं प्रशिक्षण देऊन गावोगाव पगारी आरोग्यसेविका नेमल्या. ब्राझीलच्या सिआरा राज्यात १९८७ च्या दुष्काळात रोजगार म्हणून बायकांना आरोग्याचं काम दिलं गेलं, ते दुष्काळ सरल्यावरही चालू राहिलं आणि १९९१ मध्ये देशव्यापी झालं.

भारतात २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानासोबत आशा आल्या, साधारण हजार लोकवस्तीमागे एक. त्यांची संख्या आज दहा लाखांच्या आसपास आहे. लसीकरणाला मुलं आणणं, गरोदर बाईला दवाखान्यात नेणं, क्षयरोग्याला गोळ्या देणं. प्रत्येक कामाचा मोबदला वेगळा. कोविडच्या काळात घरोघरी जाऊन चौकशी त्यांनीच केली.

मे २०२२ मध्ये दोन गोष्टी घडल्या. ५ मे रोजी ब्राझीलने घटनादुरुस्ती करून सामुदायिक आरोग्यसेवकांना किमान वेतनाच्या दुप्पट पगाराचा हक्क दिला. २२ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. महाराष्ट्रात त्यांचं नाव आजही ‘आशा स्वयंसेविका’ असंच लिहिलं जातं.