जमैकाची सुट्टी आणि पुळणीचा हक्क : पार्श्वभूमी

कॅरिबियनचा बेत आखताना बहुतेकांचा वेळ विमानभाडे, वाटेतल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा आणि जून ते नोव्हेंबर हे चक्रीवादळांचे महिने यांचा मेळ घालण्यात जातो. जमैकाला अल्पकाळ फिरायला जाण्यासाठी भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही, म्हणून हे बेट अनेकांच्या यादीत वरचे असते. हॉटेल निवडायची वेळ आली की मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मोठे हॉटेल असेल तर 'खासगी किनारा' हे शब्द जाहिरातीत ठळक असतात. बार्बाडोसमध्ये असे छापता येत नाही. तिथे कितीही महागडे हॉटेल असले तरी समोरच्या वाळूवर कोणीही चालू शकते. दोन्ही बेटांवर राज्य ब्रिटिशांचेच होते, कायद्याची परंपराही एकच. तरी जमैकात वाळूला कुंपण कसे पडले?

जमैकाच्या पर्यटनाची सुरुवात केळ्यांनी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोर्ट अँटोनिओहून बॉस्टनकडे केळी नेणारी जहाजे परतताना थंडीला कंटाळलेले अमेरिकन प्रवासी आणू लागली. 1891 मध्ये किंग्स्टनला मोठे प्रदर्शन भरले. त्याआधी सरकारने हॉटेल बांधणाऱ्यांच्या कर्जाला हमी देणारा कायदाही केला होता. तेव्हाचे पाहुणे हवापालटासाठी येत आणि व्हरांड्यात बसत. समुद्रात डुंबण्याची हौस पुढे विसाव्या शतकात आली. माँटेगो बे इथे एका डॉक्टरने 1906 मध्ये आपल्या जागेतली पुळण स्नानाच्या क्लबला दिली. तिथल्या पाण्याने दुखणी बरी होतात अशी ख्याती झाली आणि त्या गावाभोवती हॉटेले उभी राहिली. 1947 मध्ये गावाला विमानतळ मिळाला. समुद्रालगतच्या जमिनीचे भाव चढायला लागले ते इथून.

या पार्श्वभूमीवर 1956 चा किनारा नियंत्रण कायदा आला. जमैका स्वतंत्र झाला 1962 मध्ये, म्हणजे हा कायदा वसाहतीच्या शेवटच्या वर्षांतला. त्याने भरती-ओहोटीच्या रेषांमधला पट्टा आणि समुद्रतळ यांवरचे सगळे हक्क राजसत्तेकडे घेतले. लगतच्या जमीनमालकाला आणि त्याच्या घरच्यांना तिथे पोहायची मुभा राहिली. आधीपासून मासेमारी करणाऱ्यांचे हक्कही राखले गेले. बाकी कोणाला तो पट्टा व्यवसायासाठी वा सार्वजनिक स्नानासाठी वापरायचा असेल तर परवाना घ्यावा लागतो. सर्वसामान्य माणसाला पोहण्याचा, वाळूवर बसण्याचा सरसकट हक्क त्यात कुठेच दिलेला नाही. असा हक्क इंग्लिश कायद्यातही नव्हता. इंग्लंडच्या न्यायालयाने 1821 मध्येच म्हटले होते की लोकांना किनाऱ्यावर मासेमारी आणि नौकानयनाचा हक्क आहे, स्नानाचा नाही.

कायद्याच्या बाजूने बोलणारे सांगतात की त्यामुळे वाळूउपसा आणि मनमानी बांधकाम यांना लगाम बसला, परवान्याच्या अटी घालता आल्या. ते खरे आहे. पण इथे भूगोल आडवा येतो आणि आपल्याकडच्या वाचकाच्या तो सहज लक्षात येत नाही. मुंबई-अलिबागला उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते. ओहोटीला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येते. भरती-ओहोटीच्या मधली जागा लोकांची म्हटली तर आपल्याला अख्खे मैदान मिळेल. जमैकात भरती जेमतेम फूटभर. त्या दोन रेषांमधला पट्टा काही पावलांत संपतो. त्याच्या वरची कोरडी पुळण, जिथे पोरे खेळतात, कोळी होड्या ओढून ठेवतात, ती लगतच्या जमिनीत मोडते. सत्तेने राखलेला पट्टा अरुंद, लोकांच्या वापरातली वाळू खासगी आणि तिथे पोचायची वाटही मालकाच्या फाटकातून. पुढच्या सगळ्या भांडणांचे मूळ इथेच आहे.

लोकांच्या हाती एकच जुने हत्यार उरले. 1882 च्या कायद्याप्रमाणे एखादी पुळण आणि तिच्याकडे जाणारी वाट लोकांनी वीस वर्षे विनाअडथळा वापरली असेल, तर तो वापर हक्क ठरू शकतो. मात्र तो सिद्ध करायचा भार गावावर. म्हाताऱ्यांनी न्यायालयात उभे राहून आपण लहानपणापासून इथे पोहत आलो हे सांगायचे, आणि मालकाने कधी फाटक लावले होते का याची उलटतपासणी सोसायची. पोर्टलंड परगण्यातल्या विनिफ्रेड किनाऱ्याच्या गावकऱ्यांनी गेल्या दशकात हा मार्ग धरून निकाल मिळवला. तिथे आजही गावकरीच खाण्याच्या टपऱ्या चालवतात.

स्वातंत्र्यानंतर कायदा रद्द करायला कोणी अडवले नव्हते. पण क्युबातल्या 1959 च्या क्रांतीनंतर अमेरिकन पर्यटकांचा ओघ इतर बेटांकडे वळला, आणि परकीय चलन देणाऱ्या व्यवसायाला हात लावायची सत्ताधाऱ्यांची छाती झाली नाही. आपल्याकडे त्या काळचे किंग्स्टन लक्षात आहे ते साबिना पार्क या क्रिकेटच्या मैदानामुळे. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाई या मुंबईकर फलंदाजाने 1971 मध्ये तिथे 212 धावा काढल्या. त्यानंतरच्या वर्षांत राजकीय हिंसाचार वाढत गेला आणि 1976 मध्ये आणीबाणी लागली. पाहुण्यांना रस्त्यावर उतरायची गरजच पडू नये, अशी सोय हॉटेलांनी त्याच सुमारास शोधली. खोली, जेवण, दारू, खेळ, सगळ्याचे पैसे आधीच भरायचे आणि मनगटावर पट्टी बांधून आत राहायचे. नेग्रिल आणि ओचो रिओसला हा प्रयोग 1970 च्या दशकात रुजला, 1981 मध्ये माँटेगो बेला पोचला आणि तिथून इतर बेटांवर गेला. भीतीच्या दिवसांत तो समजण्यासारखा होता. भीती ओसरल्यावरही भिंत राहिली, कारण 1956 च्या कायद्याने तिला आधार दिलेला होता. हे माझे ठाम मत आहे.

2000 नंतर स्पेनच्या साखळी हॉटेलांनी उत्तर किनाऱ्यावर शेकडो खोल्यांच्या इमारती उभारल्या. 2016 मध्ये किंग्स्टनहून उत्तरेला जाणारा टोलचा द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. तो मॅमी बेजवळच उतरतो, आणि तिथलीच पुळण 2020 नंतर नव्या बांधकामासाठी बंद झाली. पिढ्यान्‌पिढ्या तिथून होड्या लोटणारे कोळी आणि शनिवार-रविवारी पोरांना घेऊन येणारी आसपासच्या गावांतली माणसे कुंपणाबाहेर राहिली. 2022 मध्ये पोर्टलंडमधल्या ब्लू लगून या समुद्रालगतच्या जलाशयावर जायलाही बंदी आली. आंदोलकांनी दावे दाखल केले आणि 1956 चा कायदा मोडीत काढून किनाऱ्याचा हक्क थेट लोकांना द्यावा, अशी मागणी लावून धरली. किनाऱ्यावरच्या प्रवेशाच्या सरकारी धोरणाचे मसुदे मात्र वर्षानुवर्षे फिरत राहिले.

28 ऑक्टोबर 2025 रोजी मेलिसा चक्रीवादळ पाचव्या श्रेणीचे होऊन नैऋत्य किनाऱ्यावर धडकले. ब्लॅक रिव्हर गाव जवळपास उद्ध्वस्त झाले, पश्चिमेकडच्या हॉटेलांनाही फटका बसला. किनाऱ्याची पुनर्बांधणी कोणाच्या सोयीने होणार, हा त्यानंतरचा प्रश्न आहे. बेत आखणाऱ्याने नकाशावरची प्रत्येक पुळण खुली आहे असे धरू नये. माँटेगो बेच्या त्या जुन्या क्लबच्या किनाऱ्यावर तिकीट काढून कोणालाही जाता येते, विनिफ्रेडला गावकऱ्यांच्या टपरीवर मासे खात दिवस काढता येतो. हॉटेलबाहेरची खोली घेणार असाल तर जवळची सार्वजनिक वाट सध्या उघडी आहे का, हे घरमालकाला पैसे भरण्याआधीच विचारावे.