अर्धा मिलिमीटर, पण मोजायचा कुठून?

लग्नसराई तोंडावर आली की ‘डिजिटल स्माईल’च्या जाहिरातींना ऊत येतो. डावीकडे आधीचा फोटो, उजवीकडे नंतरचा, खाली ठळक अक्षरांत ‘कॉम्प्युटरवर डिझाइन, दात न घासता व्हिनिअर!’ यातलं डिझाइन खरं आहे. दात न घासण्याचं, म्हणजे ड्रिलने न झिजवण्याचं, मात्र काहींच्याच बाबतीत खरं असतं आणि ते ‘काही’ कोण, हे शोधणं हाच कॉम्प्युटरचा मोठा उपयोग. जाहिरातीत नेमकं तेच नसतं.

व्हिनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायची सिरॅमिकची पातळ चकती, साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर जाडीची. १९३०च्या सुमारास हॉलिवूडचे दंतवैद्य चार्ल्स पिंकस नटनट्यांना असली आवरणं कवळी चिकटवायच्या पावडरीने लावून देत. चित्रीकरण संपलं की काढून ठेवायची. ती कायमची बसण्याचा पाया १९५५ साली मायकल ब्युओनोकोर यांनी घातला. इनॅमलला, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थराला, फॉस्फरिक आम्ल लावलं की त्यात सूक्ष्म खळगे पडतात आणि त्यांत रेझिन (प्लास्टिकसारखं घट्ट होणारं द्रव्य) शिरून घट्ट बसतं. खालचं डेंटिन ओलसर, बारीक नलिकांनी भरलेलं. तिथे ही पकड तितकी भरवशाची नाही. शिवाय इनॅमल बनवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईतोवर संपलेल्या असतात. घासलं ते गेलंच. हिरडीजवळ ते असतंच मुळी जेमतेम अर्धा मिलिमीटर, कित्येकदा त्याहून कमी.

आता गणित करू. पन्नाशीतला माणूस, आंबट पेयं आणि जोरजोरात ब्रश करणं यांनी त्याच्या समोरच्या दाताचं ०.३ मिलिमीटर इनॅमल झिजलेलं आहे. व्हिनिअर हवंय ०.५ मिलिमीटरचं. जुनी पद्धत अशी की आजच्या पृष्ठभागापासून ०.५ खोल घासायचं. म्हणजे मूळ दाताच्या ०.८ आत, बहुतेक थेट डेंटिनमध्ये. पण आपल्याला दात तरुणपणी होता तेवढा भरीव करायचाय ना? मग मोजणी त्या *होणाऱ्या* पृष्ठभागापासून हवी. तिथून ०.५ आत जायचं, त्यातले ०.३ आधीच रिकामे. घासायचे फक्त ०.२. दात मुळातच ०.६ आत बसलेला असेल, तर काहीच घासायला नको!

यासाठी आजचा आणि उद्याचा असे दोन्ही पृष्ठभाग अचूक हवेत. तोंडात फिरवायचा स्कॅनर (बऱ्याच यंत्रांत) दातावर प्रकाशाचे पट्टे टाकतो आणि शेजारचा कॅमेरा ते तिरक्या कोनातून बघतो. उंचवट्यावर पट्टा सरकतो. किती सरकला यावरून त्रिकोणमितीने खोली निघते. एका नजरेत दात-दीड दातच मावतो, म्हणून मोबाइलच्या पॅनोरमासारखे शेकडो तुकडे जोडावे लागतात, फक्त इथे त्रिमितीत. दोन तुकड्यांतले जवळचे बिंदू जोड्यांनी धरायचे, त्यांच्यातल्या अंतरांच्या वर्गांची बेरीज किमान होईल असं एका तुकड्याला फिरवायचं-सरकवायचं, नव्या जोड्या धरायच्या, पुन्हा तेच. प्रत्येक सांध्यात चिमूटभर चूक उरते आणि ती साठत जाते; अख्ख्या जबड्यापेक्षा समोरचे सहा दात जास्त नेमके येतात ते यामुळे. लाळेची चकाकी आणि इनॅमलची अर्धपारदर्शकता हा आणखी ताप. प्रकाश आत शिरून विखुरतो, म्हणून सुरुवातीच्या यंत्रांसाठी दातांवर पांढरी पूड फवारावी लागे.

उद्याचा पृष्ठभाग पडद्यावर घडवतात. अनेक सॉफ्टवेअरमध्ये इथे शेजारच्या दातांच्या समोरून दिसणाऱ्या रुंदीसाठी १.६१८ च्या ‘सुवर्ण गुणोत्तरा’ची जाळी मिळते. निसर्गतः देखण्या दातांची मापं घेतली तर बहुसंख्यांत हे गुणोत्तर सापडतच नाही. अंकशास्त्राने नाव बदलण्याइतकाच त्याला आधार, फक्त पडद्यावर ते भारदस्त दिसतं.

मग दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले की रंगीत नकाशा मिळतो: कुठे भर घालायची, कुठे घासायचं. ठरलेला आकार थ्रीडी प्रिंटरवर छापतात, त्यावरून सिलिकॉनचा साचा घेतात आणि साच्यात तात्पुरतं रेझिन भरून तो न घासलेल्या दातांवर दाबतात. रुग्णाला नवे दात तोंडातच दिसतात. ‘फ’ आणि ‘व’ म्हणून बघायचे. दात लांब झाले असतील तर कडा खालच्या ओठावर अडखळतात. पटलं, की डॉक्टर त्या रेझिनमधूनच ठरलेल्या खोलीच्या खाचा पाडतात. ड्रिलचं टोक रेझिनमध्येच थांबलं, तर तिथे खालच्या दाताला हात लावायचा नाही.

दात पुढे आलेला असला की गणित उलटं होतं. ०.३ पुढे असेल तर ०.८ घासावं लागेल. अशा वेळी आधी तारा किंवा अलाइनर (दात सरकवणारे पारदर्शक साचे) लावून दात मागे घेणं शहाणपणाचं, पण त्याला महिने लागतात. ब्रिटनमध्ये ज्यांना ‘टर्की टीथ’ म्हणतात ती प्रकरणं या घाईच्या टोकाची. तुर्कस्तानात व्हिनिअर म्हणून जाऊन आलेल्या काही तरुणांचे धडधाकट दात चारही बाजूंनी घासून खुंटासारखे केलेले होते. त्यांवर बसवलेल्या होत्या चक्क कॅप.